वेदीवरून सांगितलं म्हणून

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या चर्चमध्ये आम्ही कायम पुढून तिसऱ्या बाकावर बसायचो. अमेरिकन लोक मागे बसतात. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली रे संपली की गाडी काढून पळायला बरं पडतं. आमचे हे मात्र वसईचे. पाद्री वेदीवरून काय सांगतात ते नीट ऐकू आलं पाहिजे, म्हणून पुढे. मी कितीदा म्हटलं, "अहो, इथे माइक आहे, पार्किंगमध्येसुद्धा ऐकू येतं." पण छे! कोट घालून, केसांना तेल लावून, लेकीला दोघांच्या मध्ये घेऊन हे पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखे ताठ बसणार.

आम्ही वसईचे मराठी कॅथलिक. हे कळलं की दोन्हीकडच्या लोकांच्या भुवया वर जायच्या. मराठी मंडळाचा गणपती हायस्कूलच्या कॅफेटेरियात बसायचा, तिथे एक डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता हो!" मी म्हटलं, "तुमचंही बरंच बरं आहे." त्या दिवशी मला साखरभात वाढायला त्या विसरल्या. आणि चर्चमध्ये मिस्सेनंतर कॉफी-डोनट घेताना एक गोरी आजी विचारायची, "तुमच्या घरचे कधी कन्व्हर्ट झाले, डिअर?" मी सांगायची, "तुमचा देश जन्माला यायच्या आधी." तिला ते फार विनोदी वाटायचं. पुढच्या रविवारी ती पुन्हा तेच विचारायची.

अमेरिकेत आधी आले मी. बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून. हे मागून आले आणि एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत तपासनीस म्हणून लागले. दिवसभर डोळ्याला भिंग लावून सर्किट बोर्डावरचा सोल्डरचा एकेक ठिपका बघायचा, कुठे चीर गेलीय का, कुठे कच्चा राहिलाय का. यांच्या नजरेतून काही सुटत नसे. घरी माझ्या चपातीवरचा करपलेला डागही नाही. सिटिझन झाल्यावर कंपनीने यांना आतल्या विभागात घेतलं, गळ्यात वेगळ्या रंगाचा बिल्ला आला. आतले बोर्ड कशात बसतात हे कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. पण सगळ्यांना ठाऊक होतं. ते क्षेपणास्त्रांत बसायचे.

ते ऐंशीच्या दशकातले सुरुवातीचे दिवस होते. टीव्ही लावला की रशिया आणि बॉम्ब, बॉम्ब आणि रशिया. अशात अमेरिकेतल्या सगळ्या कॅथलिक बिशपांनी मिळून अणुयुद्धाविरुद्ध एक मोठं पत्रक काढलं. आमचे फादर म्हातारे, आयरिश घराण्यातले, गुडघे दुखायचे म्हणून वेदीच्या पायऱ्या धरधरून चढणारे. बाकीच्या चर्चमध्ये ते पत्रक कुठल्याशा टेबलावर पडून राहिलं म्हणे. आमच्या फादरांनी ते दर रविवारी थोडं थोडं वाचून दाखवलं. लोक घड्याळं बघत ऐकत होते.

एका रविवारी त्यांनी कागद मिटला, चष्मा काढला आणि म्हणाले, "या चर्चमध्ये असे लोक आहेत, जे ही अस्त्रं स्वतःच्या हातांनी घडवतात. मी त्यांना सांगतो, घरी जा, प्रभूसमोर बसा आणि स्वतःच्या अंतःकरणाला विचारा. ते नाही म्हणालं, तर ते काम सोडा. घाबरू नका. ही पॅरिश तुमच्या पाठीशी उभी राहील."

आमच्या भागात अशा कामाच्या कंपन्या कमी नव्हत्या, अर्धी पुरुषमंडळी त्यांतच. यांचा मॅनेजरसुद्धा आमच्याच पॅरिशमधला, म्हणजे आमच्याच चर्चच्या मंडळींतला. भला माणूस. दर रविवारी तोच दानाची टोपली बाकाबाकातून फिरवायचा. त्या दिवशीही त्याने फिरवली. मिस्सा संपल्यावर सगळ्यांनी दारात फादरांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "नाइस होमिली, फादर," छान झालं प्रवचन. मग सगळे डोनट खायला गेले.

त्या संध्याकाळी घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली. आमच्याकडे रोझरी झाली की लहानांनी हात जोडून मोठ्यांचा आशीर्वाद मागायचा असतो. वसईची पद्धत, आम्ही ती इथे चालू ठेवली होती. लेक पहिलीत होती. तिने हात जोडले, यांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. ती म्हणाली, "डॅडी, आर यू डन?" तेव्हा कुठे हे भानावर आले. मला वाटलं, दमलेत.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. हे सकाळी कामावर गेले आणि दुपारच्या आत परत आले. हातात भरलेला डबा तसाच. मी म्हटलं, "काय झालं? बरं नाही का?"

"राजीनामा दिला."

"कसला?"

"नोकरीचा. काल वेदीवरून सांगितलं ना. तू होतीस की."

मी आधी हसले. खरंच हसले. मग यांचं तोंड बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, ते सगळ्यांना सांगितलं होतं!"

"हो. म्हणजे मलाही."

"बाकीच्यांपैकी कोणी सोडली का नोकरी?"

"सोडतील ना," हे शांतपणे म्हणाले. "आज सोमवारच आहे."

मी हातातलं उलथनं सिंकमध्ये आदळलं. म्हटलं, एका शब्दाने मला विचारायचं तरी होतंत. लेकीच्या दम्याचं काय? तिचं मशीन, तिचे डॉक्टर, मध्येच छाती भरून आली की हॉस्पिटलात पळवायचं, हे सगळं कशावर चाललंय? हे म्हणाले, "तुझ्या हॉस्पिटलचा इन्शुरन्स आहे ना." मग खुर्चीवर बसले, डबा उघडला आणि भाजी-चपाती खायला लागले. माणसाला त्या क्षणी भूक लागते कशी, हे मला आजही कळलेलं नाही.

यांना दोष तरी किती द्यायचा? वसईला यांच्या गावात पाद्रींनी वेदीवरून सांगितलं की विषय संपला. उद्या सगळ्यांनी तळ्यातला गाळ काढायला यायचं, असं सांगितलं की अख्खा गाव घमेली घेऊन तळ्यात. एकदा पाद्रींनी सांगितलं, बाहेरच्या बिल्डरांना वाड्या विकू नका. माझ्या सासऱ्यांच्या दारात गिऱ्हाईक उभं होतं, सासऱ्यांनी त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. पण शेजाऱ्यानेही तेच केलं, त्याच्या शेजाऱ्यानेही. नुकसान झालं ते सगळ्यांचं सारखं झालं, रविवारी सगळे एकाच देवळात, आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो, एकमेकांशेजारी बसले आणि कोणी एकटं पडलं नाही. हे त्या गावात वाढलेले. वेदीवरून सांगितलेलं हे ऐकायचं असतं, आवडलं तर मान डोलवायची असते आणि मग घरी जाऊन फुटबॉल बघायचा असतो, हे यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

आठवडा गेला. कोणीच नोकरी सोडली नाही.

फादर मात्र आमच्या घरी धावत आले. यांचे दोन्ही हात धरून सोफ्यावर बसले, डोळ्यांत पाणी. मी चहा दिला, तो गार झाला. पुढच्या रविवारी त्यांनी वेदीवरून सांगितलं की आपल्यातल्या एका माणसाने ख्रिस्ताची हाक ऐकली आहे. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. अख्ख्या चर्चमध्ये सावळी माणसं ती आम्हीच, सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. हे ताठ बसलेले.

त्यानंतर वारं फिरलं. मिस्सेत एक वेळ येते, तेव्हा आजूबाजूच्यांशी हात मिळवून "शांती असो" म्हणायचं असतं. पुढच्या बाकावरचं जोडपं एरवी मागे वळून तिघांचे हात हातात घ्यायचं. आता ते नेमके त्याच वेळी दुसऱ्या बाजूला वळायला लागले. हे हात पुढे करून उभे राहायचे. मग तोच हात खाली घेऊन लेकीचा हात धरायचे. त्या लोकांचंही मला कळत होतं. हे त्यांच्यासमोर नुसते बसले तरी त्यांना बोल लावल्यासारखं वाटत होतं. पण म्हणून काय आम्ही बसायचंही नाही?

पॅरिशच्या हॉलमध्ये बैठक झाली. एकेक जण उठून फार सभ्यपणे बोलला. आम्ही इथे प्रार्थनेला येतो. वेदी ही राजकारणाची जागा नव्हे. फादरांना निवडणूक लढवायची असेल तर खुशाल लढवावी. फादर खाली मान घालून ऐकत होते. हे माझ्या शेजारी मूग गिळून बसलेले. शेवटी मलाच राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ही पॅरिश पाठीशी उभी राहील, असं तुमच्यासमोर सांगितलं होतं. माझा नवरा घरी बसलाय. कोण उभं आहे त्याच्या पाठीशी?"

माझं इंग्रजी रागात आणखी वसईचं होतं, पण कळलं सगळ्यांना. मग मागून एक बाई, अगदी गोड आवाजात, म्हणाली, "पण त्याला तसं करायला कोणी सांगितलं होतं?"

मी खाली बसले.

मराठी मंडळात वेगळीच तऱ्हा. तिथे आधी बातमी पसरली की यांना कंपनीने काढून टाकलं. खरं कारण कळल्यावर लोक जास्तच घाबरले. आमच्यातले एक इंजिनिअर काका, सगळ्यांच्या आधी आलेले, मनाने फार चांगले, यांना बाजूला घेऊन म्हणाले, "अरे यार, हा काय वेडेपणा? फोन कर आणि रिझाइन कॅन्सल कर. कीर्तनात सांगितलेलं सगळं आपण घरी येऊन करतो का?" यांनी विचारलं, "मग काका, ऐकायला जातो कशाला?" काकांनी यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चल, जेवून घे." काकूंनी यांच्या ताटात दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. आजारी माणसाला वाढतात तशा.

यांनी दुसऱ्या नोकऱ्या शोधल्या नाहीत असं नाही. पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न यायचा, आधीची का सोडलीत? आणि हे खरं सांगायचे. मी कपाळ बडवून घेतलं, "अहो, सांगा ना, तब्येत बरी नव्हती." "बरी होती की," हे म्हणायचे. परतीच्या वाटेवर त्यांच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या, रिसेप्शनवरच्या वाडग्यातून लेकीसाठी उचललेल्या. गोळ्या किती जमल्यात ते बघून ती विचारायची, "डॅडी, अनदर इंटरव्ह्यू?"

शेवटी फादरांनीच यांना चर्चमध्ये काम दिलं. बर्फ काढायचं, मेणबत्त्या बदलायच्या, बॉयलर बघायचा, मिस्सेची भांडी मांडून ठेवायची. पगार नावापुरता. हे मात्र खूश. मेणबत्त्यांच्या वातीसुद्धा भिंग लावून बघत असतील, अशा सरळ लागलेल्या असायच्या.

उन्हाळ्यात फादरांची बदली झाली. तब्येतीचं कारण सांगितलं गेलं. दूर कुठेतरी म्हाताऱ्या पाद्रींसाठी घर होतं, तिथे. निरोपाला आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या खोलीत दोन खोकी आणि एक दिवा एवढंच उरलं होतं. ते यांना म्हणाले, "मला क्षमा कर."

यांना कळेचना. "कशाबद्दल, फादर? तुम्ही सांगितलंत ते खरं होतं ना?"

"खरं होतं," फादर म्हणाले. थोडा वेळ खोक्याची चिकटपट्टी दाबत राहिले. "पण कोणी ऐकेल असं मला वाटलं नव्हतं."

परतताना घराजवळ सिग्नल हिरवा झाला तरी हे गाडी हलवेनात. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा मी यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

नवे फादर तरुण, हसरे, हिशेबाला पक्के. त्यांनी यांना कामावर ठेवलं, हा त्यांचा चांगुलपणा. सप्टेंबरात लेबर डेच्या, म्हणजे इथल्या कामगार दिनाच्या, मिस्सेला त्यांनी एक नवी पद्धत सुरू केली. प्रत्येकाने आपापल्या कामाचं एक अवजार आणायचं, वेदीसमोर ठेवायचं आणि फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडणार. कोणी हातोडी आणली, कोणी स्टेथोस्कोप. मी माझी वॉर्डातली कात्री नेली होती. पवित्र पाण्याची बादली धरून फादरांच्या मागे कोण चालणार? जो चर्चचं काम करतो तो. म्हणजे हे.

यांच्या मॅनेजरने डोळ्याला लावायचं भिंग आणलं होतं. अगदी तसलंच. त्याच्याशेजारी विभागातल्या आणखी कोणीकोणी गळ्यातले बिल्ले काढून ठेवले, त्या वेगळ्या रंगाचे. फादर तिथे थांबले, बादलीत झारा बुडवला आणि भिंगावर, बिल्ल्यांवर पाणी शिंपडलं. हे बादली दोन्ही हातांनी धरून उभे होते. बादली हलली नाही, पाणी सांडलं नाही. मला वाटत होतं, फेका ती बादली! एकदा तरी फेका! पण ते फेकणारे असते तर ही वेळच आली नसती.

मिस्सेनंतर मॅनेजर पार्किंगमध्ये आमच्या गाडीशी आला. टोपी हातात. म्हणाला, "तुझ्यासारखी नजर पुन्हा मिळाली नाही. जागा आहे. परत ये." मनापासून म्हणाला. मी सांगते ना, भला माणूस होता. यांनी थँक यू म्हटलं आणि मान हलवून नाही म्हटलं.

मग निवडणूक आली. एका रविवारी मिस्सेहून बाहेर येतो तो पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर पत्रकं. पोटातल्या जिवासाठी मत द्या, गर्भपाताला विरोध करणाऱ्यालाच द्या. नव्या फादरांनी वेदीवरून सांगितलं, मत देताना तुम्ही आधी कॅथलिक आहात हे विसरू नका. आणि जी मंडळी हॉलमध्ये उठून उठून म्हणत होती की वेदी राजकारणाची जागा नव्हे, तीच आता जोरजोरात माना डोलवत होती. मी बाळंतिणींच्या वॉर्डात आयुष्य काढलंय. पोटातल्या जिवाचं मोल मला कोणी शिकवायला नको, मीही तेच मानते जे चर्च मानतं. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी मॅनेजरला गाठलं आणि विचारलं, "आता चालतं का हो वेदीवरचं राजकारण?"

तो गोंधळला. म्हणाला, "हे राजकारण नाही. ही श्रद्धा आहे."

"आणि बॉम्ब पडेल तिथे पोटुशा बायका नसतात वाटतं?"

हे माझा दंड धरून मला गाडीकडे घेऊन गेले. त्यांनी काचेवरचं पत्रक काढलं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं. वेदीवरून सांगितलेलं फेकायचं कसं, तेही त्यांना जमत नव्हतं.

हिवाळ्यात आमच्या हॉस्पिटलने बाळंतिणींचा वॉर्ड बंद केला. आम्हा नर्सेसना अर्धवेळेवर आणलं आणि अर्धवेळवाल्यांना इन्शुरन्स नाही. लेकीला त्याच थंडीत दोनदा दम्याचा जोराचा झटका आला. दुसऱ्या वेळी तिचे ओठ निळे पडले होते. हॉस्पिटलच्या बाकावर हे माझ्या शेजारी बसले होते, तिची टोपी हातात घेऊन. मी काही बोलले नाही. शपथेवर सांगते, एक अक्षर बोलले नाही. मला बोलायची गरज नव्हती आणि ते यांनाही कळत होतं. घरी आल्यावर यांनी बूटसुद्धा काढले नाहीत, भिंतीवरच्या फोनशी उभं राहून मॅनेजरचा नंबर फिरवला.

आठवड्याभरात हे आपल्या जुन्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून. बिल्ला नवा होता, फोटो नवा होता. फोटोत हे म्हातारे दिसत होते.

लेकीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं, मे महिन्यात होतं. वसईला पहिलं कम्युनियन म्हणजे छोटं लग्नच. पांढरा झगा, डोक्याला फुलांची वेल, पाहुणे, जेवण. सासूबाईंनी झगा शिवून पार्सलने पाठवला होता, कॉलरवर एवढीएवढी फुलं विणलेली. आमच्या चर्चची पद्धत अशी की मूल पहिल्यांदा ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती जिभेवर घेतं तेव्हा आई-बाप दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि तिघं एकदम घेतात. लेक घरात तालीम करायची. मला उजवीकडे, यांना डावीकडे उभं करायची, जिभेवर बिस्किटाचा तुकडा ठेवायची आणि म्हणायची, "डोन्ट च्यू, डॅडी!" हे तिचं सगळं ऐकायचे.

पण नोकरीवर परत गेल्यापासून हे कम्युनियन घेत नव्हते. मी आधी लक्ष दिलं नाही. हे बाकावर बसून राहायचे, मला वाटायचं पोट बिघडलं असेल. मग लेन्टमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, लक्षात आलं. मनावर पाप असलं की ते पाद्रींपाशी कबूल करून क्षमा मिळेपर्यंत ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत. मीच म्हटलं, "अहो, कन्फेशनला जाऊन या. लेकीचा दिवस जवळ आलाय." हे गेले. लवकरच बाहेर आले.

"काय म्हणाले फादर?"

"म्हणाले, यात पाप कसलं? घर चालवतोयस, देशाचं काम करतोयस. जा, सुखाने राहा."

"झालं तर मग!"

"झालं कसं?" हे म्हणाले. "पापाची क्षमा मागायची तर पुन्हा करणार नाही असं म्हणावं लागतं. मी सोमवारी जाणारच आहे."

"अहो, ते पाप नाही म्हणताहेत ना!"

"त्या जुन्या फादरांनी वेदीवरून सांगितलं ते खोटं होतं का?"

"मला काय माहीत! दोघांपैकी एकाचं ऐका आणि मोकळे व्हा!"

"मी एकाचं ऐकलं होतं," हे म्हणाले. तेवढंच. चिडून नाही, रडून नाही. मी पदराने तोंड पुसत स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून ठेवला.

पहिल्या कम्युनियनच्या दिवशी उन्हं छान पडली होती. आम्ही पुढून तिसऱ्या बाकावर. लेकीच्या डोक्यावर फुलांची वेल, पांढऱ्या झग्याच्या खिशात दम्याचा पंप. शेवटच्या घडीपर्यंत मला वाटत होतं की तिच्याकडे बघून हे उठतील. कोण बाप नाही उठणार? मी प्रभूला मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, एवढं एक कर, मग मी पुन्हा कशासाठी भांडणार नाही. बाकाबाकाने लोक उठत होते. नव्या पद्धतीप्रमाणे आता पॅरिशमधली माणसंही फादरांना ख्रिस्तप्रसाद वाटायला मदत करायची. त्या दिवशी फादरांच्या शेजारी सोनेरी वाटी हातात घेऊन यांचा मॅनेजर उभा होता.

आमच्या बाकाची पाळी आली. मी उठले, लेक उठली. हे बसूनच राहिले. तिने यांची बाही ओढली. "डॅडी, कम ऑन. इट्स अवर रो."

यांनी तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, रोझरीनंतर काढायचे तसा. म्हणाले, "तू जा, बाळा. मम्मी आहे ना." आणि आम्हाला वाट द्यायला गुडघे एका बाजूला घेतले.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा श्वास जरा वाजत होता. मी तिचा हात धरला आणि यांच्या गुडघ्यांसमोरून बाहेर पडले. आमच्या मागचा बाक उठला, त्याच्या मागचाही. यांच्याच विभागातले ते सगळे लोक, ते गळ्यातले बिल्लेवाले, हात जोडून आमच्यामागे रांगेत आले. लेकीने फादरांच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेतला. मी मॅनेजरसमोर उभी होते. त्याने तो माझ्यासमोर धरला. मी आमेन म्हटलं आणि जीभ पुढे केली.

जागेवर परतायला वळले तेव्हा आमचा बाक दिसला. त्यावर हे एकटेच होते, कोट घातलेले, केसांना तेल लावलेले, ताठ बसलेले.